तेरावें अपत्य आणि मोकळें रान

या सदरांत आम्ही बहुधा मराठी ग्रंथांचाच परामर्श घेतों. या महिन्यांत एका इंग्रजी कादंबरीविषयीं लिहीत आहों, याचें कारण वाचकांच्या घरांतच आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या उशाशीं अलीकडे जीं इंग्रजी पुस्तकें दिसतात, त्यांच्या वेष्टनावर एखादा पंखांचा अजस्र सरडा, धुक्यांतलें अरण्य आणि काठी उगारलेली मुलगी असें चित्र असतें. तें पाहून आजोबा म्हणतात, “या चेटुकविद्येंत काय अर्थ आहे?” आई म्हणते, “परीक्षा होऊं दे, मग वाच.” काकांचें मत असें कीं, इंग्रजी सुधारत असेल तर वाचूं द्यावें. तिन्ही मतें पुस्तक न उघडतांच बनलेलीं असतात. आम्हीं या जातीचें एक पुस्तक उघडून शेवटपर्यंत वाचलें. आजोबांनीं ज्याची धास्ती घेतली तो भाग आम्हांस अगदीं निरुपद्रवी वाटला. परंतु ज्याकडे घरांतल्या कोणाचेंच लक्ष गेलेलें नाहीं अशी एक गोष्ट तींत आहे, आणि नागपुरांत राहणाऱ्या कुटुंबानें तर ती थांबून पाहण्यासारखी आहे.

पुस्तकाचें नांव ‘थर्टीन्थ चाइल्ड’, म्हणजे तेरावें अपत्य. लेखिका अमेरिकेंतील पॅट्रिशिया रीडी. हा पहिला भाग २००९ सालीं निघाला. पुढचे दोन २०११ व २०१२ सालीं.

कथेचा काळ समजण्यासाठीं थोडा इतिहास सांगितला पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचीं कुटुंबें बैलगाड्यांत संसार भरून पश्चिमेकडील माळरानांत शिरत होतीं. १८६२ च्या कायद्यानें तर अशा कुटुंबास १६० एकर सरकारी जमीन मिळूं लागली. अट एवढीच कीं, तेथें घर बांधावें, जमीन कसावी आणि पांच वर्षें टिकून राहावें. आपल्याकडे पेशवाईंत ओसाड गांव बसवितांना कौल देत आणि सारा इस्ताव्यानें, म्हणजे वर्षागणिक चढत्या प्रमाणानें, घेत. हा व्यवहार बराचसा त्याच जातीचा होता. या काळावर अमेरिकेंत मुलांसाठीं पुष्कळ लिहिलें गेलें. त्यांत लॉरा इंगल्स वाइल्डर या बाईंच्या कादंबऱ्या सर्वांत नामांकित. लॉराबाई १८६७ सालीं जन्मल्या, म्हणजे ज्या वर्षीं आमच्या नागपुरास मुंबईकडील आगगाडी पोहोंचली त्याच वर्षीं. गवताळ माळावरचें घर, पिकें फस्त करणारी टोळधाड, आगगाडी अडकून पडल्यामुळें अन्नावांचून काढलेला १८८०-८१ चा हिंवाळा, हें सर्व त्यांनीं बालपणच्या अनुभवांवरून रचलें आणि १९३२ पासून एकामागून एक प्रसिद्ध केलें.

रीडीबाईंनीं हेंच जग घेतलें आणि त्यांत जादूचें विरजण घातलें. त्यांच्या अमेरिकेंत मंत्रविद्या ही शाळेंत शिकविण्याची साधी विद्या आहे. मंत्रानें दिवा लावावा, चूल पेटवावी, धान्याची कीड झाडावी. देशाच्या मधोमध वाहणाऱ्या महानदीच्या कांठानें एक अदृश्य मंत्रकोट उभा आहे. त्याच्या पूर्वेस सुरक्षित शहरें. पश्चिमेस केसाळ मॅमथ हत्ती, लोंकरीचे गेंडे आणि वाफेचे फूत्कार टाकणारे ड्रॅगन. त्या बाजूस वस्ती करावयाची तर गांवानें आपला मांत्रिक नेमलाच पाहिजे; गांवगाड्यांतला तो तेरावा बलुतेदारच म्हणाना.

कथानायिकेचें नांव फ्रान्सिन, घरांतलें लाडकें नांव एफ. चौदा भावंडांत ती तेरावी. तिच्या पाठोपाठ जन्मलेला जुळा भाऊ लॅन हा बापाचा सातवा मुलगा, आणि बापही आपल्या बापाचा सातवा मुलगा. युरोपांतील जुन्या समजुतीप्रमाणें सातव्याचा सातवा म्हणजे अद्भुत शक्तीचा धनी. तेरावें अपत्य मात्र कुळाचा घात करणारें. एकाच पाळण्यांतलीं दोन मुलें, त्यांतला एक कुलदीपक आणि दुसरी कुलनाशिनी! गोतावळा मोठा आहे. काका, मावश्या, चुलत-मावस भावंडें सर्व जवळपास राहतात. कोठें कांहीं बिघडलें कीं बोट एफकडे वळतें. एक काका तर या एवढ्याशा पोरीला पकडून न्यावें म्हणून पोलिसाला घेऊन दारांत उभा राहतो. शेवटीं आईबाप वैतागतात. बाप सीमेवरच्या एका नव्या कॉलेजांत अध्यापकाची जागा पत्करतो, आणि मोठीं मुलें मागें ठेवून उरलेलें बिऱ्हाड पश्चिमेस जातें. येथून खऱ्या कथेला आरंभ होतो.

वाड्यांत किंवा चाळींत वाढलेल्या कोणाही वाचकास हें प्रकरण परकें वाटणार नाहीं. आपल्याकडे आंकडा तेराचा नसतो इतकेंच. तीन मुलग्यांच्या पाठीवर मुलगी झाली कीं ती तिखळ, तिची शांति करावयाची. मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्यास बाधते, आश्लेषेवरची सासूस. म्हणून पत्रिका हळूच ‘दुरुस्त’ करून घेणारे बाप आपण पाहिले आहेत. नवी सून आली आणि त्याच महिन्यांत घरांत कोणी आजारी पडलें, तर ‘पांढऱ्या पायाची’ हे शब्द कोणी उघड उच्चारीत नाहीं. माजघरांत नुसती नजरानजर होते, आणि जिच्याविषयीं ती होते तिला ती बरोबर कळते. हें सारें मागच्या पिढीचें, आतां सुशिक्षित घरांतून गेलें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं आपल्याच घरीं स्थळें पाहतांना झालेलें बोलणें आठवून पाहावें. सातारा जिल्ह्यांत ‘नकुशी’ असें नांव लागलेल्या दोनशेंहून अधिक मुलींना २०११ सालीं एका समारंभांत नवीं नांवें देण्यांत आलीं. त्यांतल्या कित्येक तोंवर शाळेच्या हजेरीपटावर त्याच नांवानें हजर होत आल्या होत्या. (आठव्या अपत्याची धास्ती घेणारा कंस सर्वांस माहीत आहे. गोकुळांत मात्र त्याच अपत्याचें कौतुक झालें. मोजणारा कोण, यावर पुष्कळच अवलंबून असतें.)

रीडीबाईंचें कौशल्य असें कीं, एफच्या कपाळावरचा हा शिक्का त्या एखाद्या मंत्रानें पुसून टाकीत नाहींत. नव्या गांवीं कोणास तिचा क्रमांक ठाऊक नाहीं. तरी तो तिच्या स्वतःच्या मनांत जाऊन बसला आहे. आपल्याला राग आला तर आपण दुष्ट होऊं, आपल्या हातून कोणाचें तरी वाईट होईल, या भयानें ती आपल्या शक्तीला हातच घालीत नाहीं. भाऊ नांव कमावतो. ही मागें मागें राहते. दीर्घ आजारानें तिचें शिक्षणही मागें पडतें. तिला वाट दाखविणाऱ्या दोन व्यक्ति आफ्रिकी वंशाच्या आहेत: एक शिक्षिका मिस ओचिबा आणि दुसरा रानोमाळ भटकणारा मांत्रिक वॉशिंग्टन मॉरिस. त्यांची परंपरा वेगळी. युरोपी जादू जबरदस्तीनें वस्तूला वाकवूं पाहते, तर ही विद्या आधीं वस्तूकडे नीट पाहावयास शिकविते, आणि पाहण्याच्या वाटा एकाहून अधिक असतात याची संवय लावते. त्या दृष्टीनें हिशेब केला तर एफ ही तेरावें अपत्य जशी आहे तशी बापाची सातवी मुलगीही आहे. इतक्या वर्षांत ही साधी बेरीज घरांतल्या एकाही वडिलधाऱ्यानें केलेली नसते.

पुढें पश्चिमेकडील वस्त्यांवर एक विलक्षण कीड पडते. शेतें उजाड होतात, मांत्रिकांचे उपाय फुकट जातात. फक्त एक गांव हिरवें राहतें, आणि तें गांव जादू न वापरण्याची शपथ घेतलेल्या बुद्धिवाद्यांचें! ती कीड जादूवरच पोसत असल्यामुळें त्यांच्याकडे तिला खावयास कांहीं नसतें. आगरकरांचे भक्त असलेल्या घरांत हें प्रकरण मोठ्यानें वाचावें अशी आमची शिफारस आहे; लेखिकेनें त्या लोकांची थट्टाही केली नाहीं कीं आरतीही ओंवाळली नाहीं. उकल अर्थात् एफकडूनच होते. ती येथें सांगून वाचणाऱ्यांचा रसभंग करीत नाहीं. शेवटचीं प्रकरणें थोडीं घाईचीं झालीं आहेत, आणि मधला शाळेचा भाग लांबला आहे. तरीही ज्या मुलीला घरांत कोणी कधीं ‘करंटी’ म्हटलें असेल, तिच्या हातीं हें पुस्तक पडावें असें आम्हांस मनापासून वाटतें. तिच्या काकांच्याही पडलें तर उत्तम.

इतकें बोलून थांबतां आलें असतें, तर हा लेख सोपा झाला असता.

रीडीबाईंच्या अमेरिकेंत मॅमथ आहेत, ड्रॅगन आहेत. परंतु त्या भूमीवरचे मूळ रहिवासी नाहींत. पळवून लावलेले किंवा जिंकलेले असे नव्हेत. मुळांत ते कधीं तेथें आलेच नाहींत, अशी रचना आहे. आशिया खंडांतून हजारों वर्षांपूर्वीं जे लोक त्या खंडांत उतरले, ते या कथेंत उतरलेलेच नाहींत, म्हणून प्रचंड श्वापदें शिल्लक राहिलीं. लेखिकेनें आपला हेतु सांगितला होता: मूळ रहिवाशांना एक तर रानटी शत्रु म्हणून रंगवितात, नाहीं तर निसर्गाचे भोळे ऋषि म्हणून; दोन्ही सांचे टाळावे. हेतु वाईट नाहीं. परंतु सांचा टाळण्यासाठीं माणसेंच नाहींशीं करणें म्हणजे भाडेकरूशीं भांडण नको म्हणून त्याचें नांवच दप्तरांतून खोडण्यासारखें झालें. २००९ सालीं पुस्तक निघतांच अनेक वाचकांनीं यावर कडक टीका केली, आणि ती आम्हांस रास्त वाटते. लॉराबाईंच्या १९३५ च्या कादंबरीचीही हीच अडचण होती. त्यांच्या वडिलांनीं कॅन्ससमध्यें घर बांधलें तें ओसेज लोकांच्या भूमीवर. आणि पुस्तकांत मात्र त्या मुलखांत माणसें नाहींत, फक्त इंडियन आहेत, अशा अर्थाचें एक वाक्य राहून गेलें होतें. एका वाचकानें तें दाखवून दिल्यावर १९५३ च्या आवृत्तींत तें बदललें गेलें. लॉराबाईंच्या पुस्तकांत ओसेज लोक निदान दाराशीं येऊन उभे राहतात. रीडीबाईंनीं त्यांच्यासाठीं दारच ठेवलें नाहीं.

वाचक म्हणतील, अमेरिकेच्या या घरगुती भांडणाशीं धरमपेठेचा काय संबंध? संबंध असा कीं, अशा कथा आपल्या देवघरांतही आहेत. कोंकणची भूमि परशुरामानें समुद्र मागें हटवून निर्माण केली, ही कथा कित्येक वाचकांनीं मांडीवर बसून ऐकली असेल. समुद्रांतून वर काढलेल्या जमिनीवर आधींचा मालक कोठून असणार? ती मोकळी असण्याची सोय कथेंतच करून ठेविली आहे. महाभारतकारांची रीत याहून कठोर आणि अधिक प्रामाणिक. पांडवांना नवी राजधानी वसवावयाची म्हणून खांडववन जाळलें गेलें; त्यांतून वांचलेल्या मयानें ती अद्भुत सभा बांधून दिली. वसाहत आणि जादू, दोन्ही तेथें आहेत. परंतु वनांत कोण जळलें तें व्यासांनीं लपविलें नाहीं. वांचलेल्या तक्षकाचें वैर पुढें परीक्षितापर्यंत आणि जनमेजयाच्या सर्पसत्रापर्यंत पोहोंचतें. इरावतीबाई कर्वे यांनीं ‘युगान्त’मध्यें या अग्निकांडाकडे जी निर्भय दृष्टि टाकली आहे, ती ज्या घरांत अजून वाचलेली नसेल त्यांनीं रीडीबाईंच्या आधीं ती वाचावी.

आणि आमच्या नागपुराचें काय? हें शहर बसविलें देवगडच्या गोंड राजानें. बख्त बुलंद शहा यानें १७०२ च्या सुमारास येथल्या बारा वाड्या एकत्र करून तें वसविलें. राजापूर बारसा हें त्या वाड्यांचें नांव होतें. त्याचा मुलगा चांद सुलतान यानें येथें राजधानी आणून तट बांधला, तलाव केला. भोंसल्यांचा अंमल त्यानंतर कांहीं दशकांनीं बसला. आणि आपल्यापैकीं बहुतेकांचे पूर्वज त्या भोंसल्यांच्या पदरीं, नाहीं तर त्याहूनही उशीरा, इंग्रजी कचेऱ्यांच्या व शाळांच्या निमित्तानें येथें आले. सीताबर्डी आणि अंबाझरी यांच्यामधली ही आमची धरमपेठ तर त्या मानानें कालपरवांची. म्हणजे या गोष्टींत गाडींतून उतरणारें बिऱ्हाड आपलें आहे. आपल्या मुलांनीं ‘मोकळ्या रानाची’ कथा वाचतांना ही जाणीव असलेली बरी.

वसाहतीची आणि जादूची एक कथा या नागपुरानेंच जगास दिली आहे, आणि ती सांगणारे मूळ रहिवासी स्वतः आहेत. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं येथें आले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नांवानें त्यांच्या पश्चात् १८८३ सालीं निघालें. दगड, जीवाश्म, भाषा, लोकगीतें, ज्याला कोणी विचारीत नव्हतें तें सारें हा मनुष्य गोळा करीत असे. एका परधानाच्या मुखांतून त्यांनीं गोंडांच्या लिंगोची दीर्घ गाथा उतरून घेतली. १८६३ सालीं टाकळघाटचीं प्राचीन शिळावर्तुळें पाहून परततांना ओढ्याच्या पुरांत ते बुडाले. त्यांचे कागद मध्यप्रांताचे त्या वेळचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून काढले.

त्या गाथेंत काय आहे म्हणाल, तर पंधरा वर्षांच्या मुलाला जें पाहिजे तें सर्व आहे. गोंडांचें सारें कुळ अस्वच्छ, अमंगळ ठरवून एका गुहेंत कोंडलेलें आहे; फक्त चार भाऊ निसटले आहेत. फुलांतून जन्मलेला लिंगो त्यांना रानांत भेटतो. ते कच्चें मांस खातात, याला तें चालत नाहीं. तो त्यांच्याकडून झाडें तोडवितो, कुंपण घालवितो, धान पेरवितो. आणि पीक डोलूं लागतें त्याच सुमारास नीलगायींचा कळप शेत साफ करून जातो. लॉराबाईंच्या टोळधाडीशीं ताडून पाहावें! विस्तव नाहीं म्हणून धाकट्या भावास रिकाड गवाडी या राक्षसाच्या शेकोटीकडे धाडतात. तो भिऊन पळून येतो. मग लिंगो स्वतः जातो; त्याच्या हातांत शस्त्र नसतें, दुध्या भोपळ्याचें स्वतः केलेलें तंतुवाद्य असतें. तें ऐकून राक्षस आणि त्याची म्हातारी, दोघेंही नाचूं लागतात! राक्षसाच्या मुली सुना होऊन घरीं येतात. आणि मग त्या घरांत खोटा आळ, भावांकडून लिंगोचा वध, अमृतानें त्याचें पुन्हां उठणें, आणि शेवटीं कोंडलेल्या कुळाच्या सुटकेसाठीं सर्पास मारून बिंदो पक्ष्याचीं पिलें वांचविणें. आपल्या देवघरांतला महादेव या गाथेंत कोंडणारा आहे, हें ऐकून कोणी कानांवर हात ठेवूं नयेत; कथा ज्याची, तिच्यांतला न्यायही त्याच्याच बाजूनें सांगितला जाणार.

गोंड मंडळींत आज सांगितली जाणारी कथा याहून थोडी वेगळी आहे. तींत कोंडलेलीं मुलें आहेत. त्यांची माया जंगो रायताड हिनें केली. आणि हिरासुका पाटालीर यानें किंगरी वाजवून गुहेवरची शिळा हलविली व त्याच शिळेखालीं तो गेला. नागपुरचेच मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनीं गोंडी भाषेच्या व लिंगोच्या अभ्यासास आयुष्य वाहिलें. गोंदिया जिल्ह्यांतील सालेकसा तालुक्यांत कचारगडची विशाल गुहा आहे. तीच ती गुहा असें मानून माघी पौर्णिमेस हजारों गोंड स्त्रीपुरुष अनेक प्रांतांतून तेथें जमतात. गोंदियाहून पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाडीनें दरेकसा स्टेशनावर उतरावें लागतें. आपल्यापैकीं कितीजण त्याच मार्गानें कलकत्त्यास गेले असतील, आणि कितीजणांनीं खिडकींतून त्या डोंगरांकडे पाहिलें असेल?

तेव्हां आमचें म्हणणें असें. ‘तेरावें अपत्य’ मुलांना खुशाल वाचूं द्यावें. त्यांतल्या जादूनें कोणाचेंही डोकें फिरणार नाहीं. मात्र वाचून झाल्यावर जेवणाच्या पंगतीला त्यांना एकच प्रश्न विचारावा: एफच्या नव्या गांवाच्या जागीं आधीं कोण राहत होतें? उत्तर पुस्तकांत सांपडणार नाहीं, हें त्यांचें त्यांनाच कळेल. ज्या लेखिकेनें अमंगळ ठरविलेल्या एका मुलीला इतक्या मायेनें गुहेबाहेर काढलें, तिनेंच एक अख्खें कुळ गुहेंत राहूं दिलें, हा विरोध सोळाव्या वर्षीं ध्यानांत येणें कठीण नाहीं. चाळिसाव्या वर्षीं तो अधिक कठीण जातो.

मराठींत अशी कादंबरी कोणी लिहावी, तर ती येथल्या कोणीतरी लिहावी, आणि लिहिण्यापूर्वीं कचारगडास जाऊन ऐकावें. तोंवर टेंपल यांनीं छापलेली ती गाथा आहेच. तींत मूळ गोंडी ओळ आणि तिचें इंग्रजी भाषांतर अशीं जोडीनें दिलीं आहेत; आणि ज्या मुलांना रीडीबाईंचे तीन भाग उन्हाळ्याच्या सुट्टींत संपविण्याइतकें इंग्रजी येतें, त्यांना तेंही सहज येईल.